आरशासारखा गिलावा

४ फेब्रुवारी

साहेब,

तुमचा कागद पोचला. टपालाने न पाठवता गाडीने पाठवलात, म्हणजे भलताच महत्त्वाचा असणार. ड्रायव्हर चहालासुद्धा थांबला नाही. गाडीतून उतरायच्या आधी त्याने तोंडाला रुमाल बांधला, पाकीट माझ्या हातात कोंबलं, वहीत सही घेतली आणि गेला. त्याला कोणी सांगितलं रे, या गावात उतरताना नाक-तोंड झाकून घे म्हणून? आम्हाला तर चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नाही.

बघ, 'तुमचा' आणि 'रे' एकाच दमात आलं. ज्याचा शेंबूड मी पुसला त्याला अहो-जाहो करायला जीभ वळत नाही. तेव्हा काडी, सरळ ऐक. कंपनीत तू उपव्यवस्थापक असशील, गावात अजून काडीच आहेस.

कागदात लिहिलंय, 'खाणीच्या ढिगावरील बारीक माल गावकऱ्यांनी कंपनीच्या परवानगीशिवाय, कुंपण ओलांडून, स्वतःच्या जबाबदारीवर नेला.' खाली माझ्या सहीसाठी रेघ आणि रेघेखाली छापलंय, 'ज्येष्ठ गवंडी'. ज्येष्ठ! उभ्या जन्मात मला मिस्त्रीपलीकडे कोणी काही म्हटलं नाही. सही हवी झाली आणि एकदम ज्येष्ठ झालो.

कुंपण कुठलं रे? तीन खांब होते. एकाला शेळ्या पाठ घासायच्या, एक परटिणीने कपडे वाळत घालायला उपटून नेला, तिसरा आपणहून आडवा झाला. आणि परवानगी? तुमचा सुपरवायझर ढिगावर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "न्या मिस्त्री, हवा तेवढा न्या, आमची जागा मोकळी होते." खाणीचाच लोडर आमच्या ट्रॉल्या भरून द्यायचा. शाळेचं मैदान त्याच मालाने सपाट केलं, तेव्हा मॅनेजरच्या बायकोने फीत कापली. तू शहरात होतास. तुझ्याकडे फोटो आला असेल, तुमच्या मासिकात छापला होता.

आता ढीग कसला ते तू विसरला असशील म्हणून सांगतो. दगड फोडून, दळून, तुम्ही त्यातलं शिसं काढून घ्यायचात आणि उरलेला चुरा आमच्या उशाशी ओतायचात. खाण बंद होऊन चौदा वर्षं झाली. यंत्रं नेलीत, दारं-खिडक्या नेल्यात, ऑफिसातल्या खुर्च्या नेल्यात. ढीग तेवढा आम्हाला ठेवलात.

माल मात्र होता बघण्यासारखा. पिठासारखा बारीक, चाळायला नको. सिमेंटात कालवला की रंध्याखाली लोण्यासारखा पसरायचा, आणि घोटला की भिंतीत तोंड दिसायचं. या गावातली शंभरावर घरं मी आरशासारखी केली. दुसऱ्या गावचे लोक हात लावून बघायचे.

गेल्या महिन्यात सरकारची तपासणीवाली मंडळी आली. पिस्तुलासारखं एक यंत्र. ते भिंतीला टेकवतात, ते टिकटिकतं आणि भिंतीत शिसं किती त्याचा आकडा येतो. माझ्या भिंतीला टेकवलं आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तीस वर्षांच्या हातकामाकडे माणसं अशी बघताना मी पहिल्यांदा पाहिली.

सही करणार नाही. पुढच्या महिन्यात चौकशी आहे, तिथे मी एवढंच सांगणार आहे, की कंपनीने आम्हाला कधी सावध केलं नाही. एक पाटी नाही, एक माणूस नाही, एक ओळ नाही.

तुझी वहिनी विचारते, तुझं जेवण वेळेवर होतं का. मी म्हटलं, साहेबांना कॅन्टीन आहे.

दादा


१९ फेब्रुवारी

काडी,

फोन करत जाऊ नकोस. घाबरलास की तू फोनवर ऑफिसची भाषा बोलतोस. 'या टप्प्यावर', 'त्या अनुषंगाने'. वहिनीने फोन कानाला लावून पाच मिनिटं ऐकलं आणि मला म्हणाली, "रेडिओ लागलाय वाटतं."

तुमच्या कंपनीने घरोघर साबणाची एकेक वडी वाटली, कळलं का? सोबत एक चित्रांचं पत्रक. गोबऱ्या गालांचं एक पोर नळाखाली हात धुतंय आणि हसतंय. खाली लिहिलंय, 'स्वच्छ हात, निरोगी गाव'. परटिणीने ती वडी दारातून परत फेकली, ती वाटणाऱ्या पोरीच्या पायाला लागली. त्या पोरीचा काय दोष? पण ज्याच्या पायाला लागायला हवी होती तो कुठे येतो इकडे?

सोमवारी शाळेत मुलांची रक्तं घेतली, त्यातल्या शिशाचे आकडे काल आले. मुंगी, म्हणजे माझी नात, तिचा बेचाळीस आहे.

बेचाळीस म्हणजे किती, ते तुला मी सांगायला नको. मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पाचावर गेलं तरी त्या काळजी करतात, म्हणाल्या. तरुण बाई आहे, डोळ्यांखाली काळं झालंय. एका दिवसात साठ आई-बापांना तिने आकडे सांगितले. मी आणि माझी लेक समोर बसलो होतो, मुंगी लेकीच्या मांडीवर.

"हिचं पोट दुखतं का?"

"रोज," लेक म्हणाली. "आम्हाला वाटायचं, शाळेला जायचं नाही म्हणून करते."

"शाळेत कशी आहे?"

लेकीने खरं तेच सांगितलं. सहा वर्षांची पोर, दहापर्यंत आकडे म्हणताना सातावर अडकते. मास्तर म्हणतात, डोक्यात काही शिरत नाही. आणि मी काय म्हणायचो ते लेकीने डॉक्टरणीला सांगितलं नाही, तिचे उपकार. मी म्हणायचो, हिच्या घराण्यात तुझ्यासारखा एक लॅबवाला होऊन गेला आणि ही कुठून आली ठोंबी.

"झोपते कुठे?"

"आतल्या खोलीत, माझ्याजवळ. भिंतीला लागून."

"भिंतीला हात लावते? बोटं तोंडात घालते?"

"लहान आहे हो," लेक म्हणाली, "घालणारच."

मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. "गिलावा कधीचा आहे?"

मी म्हटलं, "जुना आहे. आठवत नाही."

तुला सांगतो, जुना नाही आणि मला आठवतंय.

उद्यापासून मुंगीला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवणार. अंगातलं शिसं बाहेर काढायचं औषध असतं म्हणे. लेक बरोबर राहील. जावई ट्रक घेऊन लांब गेलाय, त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "शिसं? ते बॅटरीत असतं ना?" मी फोन ठेवला.

दादा


२ मार्च

काडी,

आज जे लिहितोय ते तुझ्यावर मेहेरबानी म्हणून नाही. वहिनी समोर बसली आहे आणि लिहून होईपर्यंत उठणार नाही म्हणते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, आम्हाला कोणी एका ओळीने सावध केलं नाही. खोटं लिहिलं. ते खोटं वाचून तू काय केलंस? काहीच नाही. फोन केलास तेव्हा 'या अनुषंगाने' केलंस. माझं खोटं तुलाही सोयीचं होतं. एका आईच्या पोटचे शोभतो.

परवा वहिनीने फडताळातला खालचा कागद काढला आणि त्याखालून दोन तुकडे काढून माझ्यासमोर ठेवले.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, "कचरा आहे."

"कचरा असता तर चार तुकडे केले असतेत. दोनच का केलेत?"

तुझं ते पत्र मी फाडून कोपऱ्यात फेकलं होतं. मागच्या बाजूला तुझा नवा पत्ता होता म्हणून तिने उचलून ठेवलं. तुझ्या-माझ्या भांडणात आपण कशाला पडा म्हणून नऊ वर्षं वाचलं नाही. पिस्तूलवाले येऊन गेल्यावर वाचलं, आणि मग मी आपणहून काही बोलतो का, याची महिनाभर वाट बघितली.

तुला तुझं पत्र आठवत नसेल तर उतरवून देतो. लांब नाही. 'दादा, ढिगातला माल घरात वापरू नकोस. भिंतीचा नमुना मी स्वतः तपासला. शिसं आहे, फार आहे, लहान मुलांना बाधतं. हे मी कळवलं असं कुणाला सांगू नकोस, माझी नोकरी जाईल.'

बाबा गेले तेव्हा तू कंपनीच्या जीपने आलास आणि दोन तासांत परत गेलास. जाताना ओसरीच्या भिंतीचा कोपरा नखाने खरवडून चिमूटभर कागदात बांधलास. मी बघत होतो. मला वाटलं, बापाच्या घराची आठवण नेतोय. मला भरून आलं होतं, गाढवा. महिन्याने ते पत्र आलं तेव्हा कळलं, साहेबांनी नमुना नेला होता.

आणि ती शेवटची ओळ. मला सांग, इतरांना सांगू नको म्हणजे काय? परटिणीची पोरं मरू देत, शिंपिणीची मरू देत, माझ्या एकट्याच्या भिंती तेवढ्या बदलायच्या, आणि विचारलं तर सांगायचं काय, मला गिलाव्याचा कंटाळा आला? त्या ओळीवर मी थुंकलो. वरच्या तीन ओळीही त्या थुंकीत गेल्या. दोन तासांचा पाहुणा मला माल शिकवणार, असं म्हणून मी पत्र फाडलं आणि दुसऱ्या दिवशी ट्रॉली घेऊन ढिगावर गेलो.

एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. पुढचंही लिही, म्हणते वहिनी.

अडीच वर्षांनी लेक बाळंतपणाला येणार होती. मी आतली खोली नव्याने गिलावून घेतली. वाळू मिळत होती. तुझं पत्र आठवत होतं, अगदी अक्षरासकट. आणि मुद्दाम ढिगातला माल आणला. दोन हात दिले. घोटताना मनात म्हणत होतो, ये म्हणावं बघायला, नखाने खरवड म्हणावं आता. खरवडता आलाच नसता असा गुळगुळीत केला. मुंगी त्या खोलीत जन्मली आणि तिथेच वाढली.

वहिनीने हे ऐकलं तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "तुमचा राग भिंतीत कालवलात आणि पोरीला त्यात निजवलंत." मग तिने आतल्या खोलीतली अंथरुणं एकेक करून ओसरीत नेली. मी एक उचलायला गेलो तर म्हणाली, "हात लावू नका."

लेकीला अजून माहीत नाही. दवाखान्यात आहे ती. मी भेटायला जातो तेव्हा मुंगी माझ्या मिशीशी खेळते.

दादा


११ मार्च

काडी,

तुझी चिठ्ठी पोचली. या वेळी टपालाने, साध्या पाकिटात, कंपनीचा शिक्का नसलेल्या. म्हणजे अक्कल शाबूत आहे.

'ते पत्र बाहेर आलं तर दोघंही बुडू. मला निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. जाळून टाक.' वा! नऊ वर्षांपूर्वी नोकरी जाईल म्हणत होतास, आता निवृत्ती जाईल म्हणतोस. वयाप्रमाणे भीतीलाही बढती मिळाली तुझ्या.

पण हसायला मी कोण? पत्र चौकशीत दाखवलं तर कंपनीला सगळं माहीत होतं हे सिद्ध होईल, हे मला कळतं. तुमच्याच लॅबमध्ये तपासलेला नमुना. घरं साफ करून द्यावी लागतील, पोरांची औषधं द्यावी लागतील. आणि त्याच क्षणी सगळ्या गावाला कळेल, की मिस्त्रीला माहीत होतं. माहीत असून त्याने नंतरही घरं गिलावली, तीसेक तरी. रोज सकाळी ज्यांना रामराम घालतो त्या प्रत्येकाच्या भिंतीत माझा हात आहे.

तेव्हा खरं सांगतो. मी जाळायला गेलो होतो. मंगळवारी वहिनी दवाखान्यात डबा द्यायला गेली तेव्हा सगळं फडताळ पालथं घातलं. मिळालं नाही. ती परत आली, पसारा बघून म्हणाली, "माझ्याजवळ आहे. डब्याबरोबर नेलं होतं."

"मग दे इकडे."

"चौकशीच्या दिवशी देईन. तुम्ही वाचा. नाही वाचलंत तर मी वाचेन, आणि मी वाचलं तर काडीभाऊजींचं नाव घेईन, तुमचंही घेईन, आणि त्या खोलीचंही सांगेन."

चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्यापुढे कधी एवढं बोलली नव्हती. तुझी पाठराखण करतेय असं वाटून घेऊ नकोस. तुझी चिठ्ठी तिने वाचली आणि विस्तव पेटवायला वापरली.

तुमच्या वकिलांचा तरणा साहाय्यक आला होता, पुन्हा सहीसाठी. अंगणात उभा राहून विचारतो, "काका, आत बसून बोलू या का?" मी म्हटलं, "बसा की. आतल्या खोलीत बसा, भिंतीला टेकून." तो उभाच राहिला.

दादा


३० मार्च

काडी,

चौकशीच्या दिवशी तू समोरच्या बाकावर होतास, तेव्हा काय झालं ते तुला माहीत आहे. पण तुझी पाठ लोकांकडे होती आणि माझं तोंड. मला काय दिसलं ते तुला कळलेलं नाही.

वहिनीने पत्र माझ्या हातात दिलं ते पायरीवर. दोन्ही तुकडे तिने मागून पट्टी लावून जोडले होते. शाळेची मोठी खोली खच्चून भरली होती, पोरं खिडक्यांत. मी उभा राहिलो. तीन ओळी वाचल्या. चौथीपाशी थांबलो.

चौकशीवाल्या बाई म्हणाल्या, "पुढे?"

मी म्हटलं, "पुढे घरगुती आहे."

का म्हटलं, मला विचारू नकोस. नऊ वर्षं ज्या ओळीवर थुंकलो ती चारचौघांत वाचायला माझ्या तोंडातून निघेना. बाईंनी कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला, मोठ्याने. मग तुला उभं केलं.

"हे अक्षर तुमचं?"

मला वाटलं, हा 'या टप्प्यावर' म्हणून सुरुवात करणार. केली असतीस तर मी तिथेच तुझ्या कानाखाली वाजवली असती.

"हो," तू म्हणालास. "असंच एक पत्र मी त्याच्या आठ दिवस आधी कंपनीला दिलं होतं. त्याची पोच माझ्याकडे आहे."

आणि खिशातून काढलीस.

वकिलाचं तोंड तुला दिसलं नसेल, मला दिसलं. आयुष्यात एवढं समाधान कुठल्या भिंतीने दिलं नाही. पण त्याच दमात मनात आलं, पोच! नऊ वर्षं हा माणूस पोच जपून ठेवतो. शिक्का मारलेली, घडी न मोडलेली. इकडे पोरं सातावर अडकत होती आणि हा पोच जपत होता. मी फाडून फेकलं, तू घडी घालून ठेवलंस. यात कोण कमी हलकट, ते मला ठरवता आलेलं नाही. तुला ठरवता आलं तर कळव.

तू पुढच्या दाराने गाडीत बसून गेलास. मागच्या दाराने मी निघालो.  लोकांनी वाट अशी करून दिली, जशी महारोग्याला देतात. लेक दाराशी होती, मुंगीला कडेवर घेऊन. तिने सगळं ऐकलं होतं. मला फक्त एवढंच विचारलं, "खोली पत्राच्या आधी केलीत की नंतर?"

मी म्हटलं, "नंतर."

ती त्याच दिवशी कंपनीच्या वसाहतीत राहायला गेली. बाईंनी हुकूम दिलाय, लहान मुलं असलेल्या घरांना तुमच्या रिकाम्या क्वार्टर उघडून द्यायच्या, ढीग झाकायचा, औषधांचा खर्च कंपनीचा. तुमचे लोक वरच्या कोर्टात जाणार आहेत, असं ऐकतो. जातीलच. भिंती उकरायचं काम मात्र सुरू झालंय, सरकारी माणसाच्या देखरेखीखाली. कोरडं खरवडायचं नाही, धूळ उडते. आधी भिंतीवर पाणी मारायचं, मग काढायचं, ओलं असतानाच पोत्यात भरायचं.

मुंगीचा आकडा सत्तावीसवर आलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून उतरेल. मी विचारलं, डोक्यातलं जे गेलं ते परत येईल का? त्या म्हणाल्या, "काही येईल. सगळं येईल असं मी सांगणार नाही." बाई खोटं बोलत नाही. तुझ्या-माझ्या घराण्यातली नव्हे.

आठ दिवस मला कोणी कामाला बोलावलं नाही. बाहेरगावचे गवंडी आणले होते. मग गेल्या गुरुवारी शिंपीण आली. तिच्या दोन्ही पोरांचे आकडे मुंगीपेक्षा वाईट आहेत, थोरल्याला मधेच झटके येतात. तिचं घर मी सहा वर्षांपूर्वी केलं, पत्रानंतर. दारात उभी राहून ती वहिनीशी बोलली, माझ्याकडे बघून नाही.

"त्यांना सांगा, मी त्यांच्याशी या जन्मात बोलणार नाही. पण माझ्या घराच्या भिंती त्यांनीच काढायच्या. बाहेरचे लोक कोपरे सोडतात."

तीन दिवस लागले. ती दिवसभर दारात खुर्ची टाकून बसायची, शिवण मांडीवर, नजर माझ्यावर. फडताळामागे तळहाताएवढा तुकडा राहिला होता, तो तिने बोटाने दाखवला. मी काढला. पाणी नाही विचारलं तिने, मीही मागितलं नाही. शेवटच्या दिवशी उघड्या विटांवरून हात फिरवून तिने बघितलं आणि खुर्ची आत नेली. दुसऱ्या दिवशी परटिणीचा निरोप आला.

तुझ्या नोकरीचं काय झालं? गेली असेल तर बरं झालं. नसेल गेली तर का नाही गेली, ते सविस्तर लिही. वहिनी म्हणते, त्यांना म्हणावं ओसरीत जागा आहे. मी काही बोलावत नाही. माझा उजवा खांदा आता वर जात नाही, आणि एकट्याने पाणी मारून परत थापी धरेपर्यंत भिंत वाळते. पाणी मारायला एक माणूस हवाय. शिकलेला असला तरी चालेल.

दादा